सावकाश पळ, सतराचा पाढा म्हण

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला जोरात पळायला शिकवावं लागत नाही. तो ते आपणहून करतो, रोज करतो, आणि तिथंच त्याचं घोडं अडतं. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवले की मैदानी परीक्षेतले पैकीच्या पैकी वीस गुण. चारशेच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, फेरीला साडेसत्याहत्तर सेकंद. हा आकडा पोरांच्या वहीच्या पहिल्या पानावर असतो, खोलीच्या भिंतीवर असतो, मोबाइल उघडला की समोर असतो. मग रोज पहाटे उठायचं आणि त्याच आकड्याच्या मागं लागायचं. आज ५:४०, उद्या ५:३५, परवा नडगी दुखायला लागते म्हणून परत ५:५०. तीन महिन्यांनी वही भरलेली असते आणि वेळ होती तिथंच असते.

मी माणदेशात मैदान घेते. बी.पी.एड. झाल्यापासून हेच काम. आधी शाळेत तासिका तत्त्वावर, आता भरतीच्या एका अकादमीत. पोरं आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची. पाऊस बेताचा, शेती बेभरवशाची, तेव्हा वर्दी हाच घरादाराचा भरवसा. याच भागातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत उतरली आणि दहावी आली, त्यामुळं पळण्याला इकडं मान आहे. पण पळण्याला मान असणं आणि पळण्याचं शास्त्र माहीत असणं यांत बरंच अंतर असतं. मैदानावर अजून ‘तोंडाला फेस आला पाहिजे’ हीच सरावाची व्याख्या चालते.

हृदयाचे ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा माझ्याकडं आला तो एका जुन्या विद्यार्थ्याकडून. तो मुंबईला पोलिसात लागला, तिथं मॅरेथॉनच्या नादी लागला, नवा पट्टा घेतला आणि जुना मला देऊन गेला. बोटभर रुंदीचा इलॅस्टिकचा पट्टा, आतल्या बाजूला दोन काळे गुळगुळीत तुकडे, पुढं दोन टिचबटणांवर बसणारी छोटी डबी. पोरं डबीला मशीन म्हणतात. त्यात बटणासारखा एक सेल असतो, सीआर २०२५ नंबरचा, घड्याळवाल्याकडं सहज मिळतो.

हे मशीन करतं काय, ते मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते, कारण समजलं नाही की पोरं त्याला एकतर देव करतात नाहीतर खेळणं. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका बारीक लाटेनं सुरू होतो. ती लाट कातडीपर्यंत पोचते तेव्हा जेमतेम मिलिव्होल्टभर उरते. पट्ट्याचे दोन काळे तुकडे ती टिपतात, डबी एका लाटेच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंतचा वेळ मोजते आणि मिनिटाला किती ठोके ते ब्लूटूथनं मोबाइलला कळवते. दवाखान्यातला ईसीजी याच तत्त्वावर चालतो, फक्त तिथं डॉक्टर लाटेचा आकार बघतात आणि इथं आपण दोन लाटांमधलं अंतर तेवढं बघतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये विलेम आइन्थोव्हन यांनी ही लाट नीट पकडणारं यंत्र केलं, तेव्हा माणसाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे, आणि यंत्र चालवायला पाच माणसं लागत. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढं १९७७ मध्ये फिनलंडमध्ये सेप्पो सायनायाकंगास या प्राध्यापकांनी पोलार ही कंपनी काढली. बर्फावरून स्की करत जाणाऱ्या खेळाडूचे ठोके तो थांबायच्या आत कसे कळावेत, ही त्यामागची अडचण होती. १९८२ मध्ये त्यांचं पट्टा-आणि-घड्याळ असं बिनतारी यंत्र बाजारात आलं. मिठाचं पाणी मात्र सुटलं नाही. पट्टा कोरडा लावला तर तो काहीच्या बाही आकडे दाखवतो. आधी पाण्यानं ओला करावा लागतो, आणि एकदा घाम सुटला की घामातलं मीठ पुढचं काम करतं.

हिवाळ्यात याची फार गंमत होते. आमच्याकडं डिसेंबरात हवा कोरडी ठणठणीत. पोरांच्या अंगात अकादमीचे पॉलिस्टरचे टी-शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरात ‘मिशन खाकी’. ते कापड छातीवर घासलं की स्थिर वीज तयार होते आणि पोरगं अजून वॉर्मअपच करत असतं तेव्हा मोबाइल २१८ दाखवतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ते पोरगं मटकन खालीच बसलं. बाकीची त्याच्याभोवती. मी त्याचं मनगट धरून घड्याळ लावून मोजलं, शंभराच्या आतबाहेर. पट्टा ओला केला, टी-शर्ट बदलायला लावला, आकडा जमिनीवर आला. खोटा आकडा ओळखायची खूण सोपी आहे: तो बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांत येतो आणि घाम आला की जातो. घाम आल्यावर, ऐन पळताना, एकाएकी उडी मारून वर जाणारा आणि तसाच धाडकन खाली येणारा आकडा पट्टा बदलूनही टिकला, तर मात्र मी त्या पोराला पळवत नाही. डॉक्टरकडं पाठवते. पट्टा म्हणजे तपासणी नव्हे, हे मलाही माहीत आहे आणि पट्टा करणाऱ्यांनाही.

मनगटावरचं घड्याळ का नको, हा ठरलेला प्रश्न. पोरांकडं दीड-दोन हजारांची स्मार्ट घड्याळं असतात आणि त्यांतही ठोके दिसतात. ती घड्याळं कातडीवर हिरवा उजेड पाडतात आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परत येणारा उजेड किती कमीजास्त होतो त्यावरून ठोके ताडतात. बसलेल्या माणसाचे बरे सांगतात. पळताना हात हलतो, घड्याळ हलतं आणि यंत्राचा गोंधळ उडतो. एका पोराच्या एका हाताला घड्याळ आणि छातीला पट्टा असं दोन्ही लावून मी त्याला रमतगमत पळवलं. पट्टा १४४ म्हणतोय, घड्याळ १७६. त्याची पावलं मोजली, मिनिटाला १७६! घड्याळ इमानेइतबारे पावलं मोजत होतं आणि ठोके म्हणून सांगत होतं. आणखी एक पोरगं होतं, त्याचं घड्याळ काहीच दाखवेना. पट्टी सोडून बघितलं तर बरोबर खाली एका मुलीचं नाव गोंदलेलं. शाईनं उजेड अडवला होता. दुसऱ्या हाताला लाव म्हटलं तर त्या हाताला आईचं नाव.

तर पट्ट्यानं पहिल्या आठवड्यात काय दाखवलं? आमच्या मैदानावर हळू पळणं नावाची गोष्टच नव्हती. ‘आज फक्त मोकळं पळायचंय’ असं सांगून सोडलेल्या पोरांचे ठोके १७५, १८० वर. बोलता येत नाही, पण मॅडमनी हळू सांगितलंय म्हणून ते स्वतःला हळूच समजतायत. आणि ज्या दिवशी खरंच जोर लावायचा, चारशेच्या फेऱ्या काढायच्या, त्या दिवशी पाय आदल्या दिवशीच संपलेले. म्हणजे हळूच्या दिवशी हळू नाही आणि जोराच्या दिवशी जोर नाही. सगळे दिवस मधल्याच वेगात.

स्टीफन सायलर या अभ्यासकांनी दमसासाच्या खेळांतले जागतिक दर्जाचे खेळाडू सराव कसा वाटून घेतात हे तपासलं, तेव्हा साधारण ऐंशी टक्के सराव सोप्या वेगात आणि उरलेला खरोखर कठीण वेगात, असं चित्र दिसलं. पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, ‘मॅडम, ते बेचाळीस किलोमीटरवाल्यांचं. आमचं सोळाशेच मीटर.’ ऐकायला पटतं. पण पाच मिनिटांच्या पळण्यात लागणाऱ्या शक्तीचा बराच मोठा भाग, चार-पंचमांशाच्या आसपास, प्राणवायू वापरूनच तयार होतो. ती बाजू वाढते ती लांब आणि सावकाश पळून. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात. तिसऱ्या फेरीत जे पाय जड होतात ना, त्याचं औषध तिसरी फेरी रोज पळण्यात नाही.

सावकाश म्हणजे किती, हे ठरवायला आधी पोराचे जास्तीत जास्त ठोके ठाऊक पाहिजेत. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते १९७१ च्या सुमाराचं, वेगवेगळ्या पाहण्यांतल्या आकड्यांवरून डोळ्यांच्या अंदाजानं काढलेलं, आणि माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक त्यात सहज पडतो. २००१ मध्ये तानाका यांनी २०८ वजा वयाचे सात-दशांश असं सुधारलेलं सूत्र दिलं, तेही सरासरीचंच. माझ्याकडं एकाच वर्षी जन्मलेले दोन चुलतभाऊ होते. अंग चांगलं गरम करून टेकडीवर पुन्हा पुन्हा चढवलं, शेवटची चढण जीव तोडून. एकाचा आकडा २०७ ला टेकला, दुसरा १८६ च्या वर जाईना. २२० वजा वयाच्या सूत्रानं दोघांनाही १९९ दिले असते, आणि १५० वर पळणं एकाला रमतगमत तर दुसऱ्याला कष्टाचं झालं असतं. टेकडीची ही चाचणी मी नव्या पोराची पहिल्या आठवड्यात कधीच घेत नाही. आधी महिनाभर पळू दे, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का ते विचारून होऊ दे, मग.

आकडा ठरला आणि खरी लढाई पुढंच होती. मोबाइलमध्ये सूचना लावून ठेवली, १५० च्या वर गेलास की वाजेल. दहिवडी रस्त्याला पोरं निघाली आणि दर दोन मिनिटाला वाजायला लागलं. चढ आला की वाजतंय. चालत जा म्हटलं. पोलीस होऊ घातलेलं पोरगं, रस्त्यानं दूधवाले चाललेत, एसटी चाललीय, आणि हे चढाला चालतंय! ‘मॅडम, एवढ्या हळू तर आमची म्हातारी रानात जाती.’ एकानं पट्टा काढून खिशात घातला आणि सुसाट गेला. लाज हा पळण्यातला फार मोठा अडथळा आहे, आणि त्याबद्दल कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं मी वाचलं नाही. वर्गात पहिल्या बाकावर न बसणारी पोरंसुद्धा रस्त्यावर मागं पडायला तयार नसतात. मी रस्ता बदलला. ओढ्याच्या कडेनं कच्ची वाट होती, बाभळी आणि मेंढरं सोडून बघायला कुणी नाही. तिथं पोरं सावकाश पळायला लागली.

दोन-अडीच महिन्यांत आकड्यांनी बोलायला सुरुवात केली. जो १४८ ठोक्यांवर किलोमीटरला सात मिनिटं घेत होता तो त्याच ठोक्यांवर सव्वासहात यायला लागला. तेवढेच ठोके, तेवढाच दम, वेग मात्र जास्त. हे दाखवायला पट्ट्यासारखं दुसरं साधन माझ्याकडं नाही. वेळ नुसती घड्याळात बघितली तर पोराला वाटतं आपण जास्त जोर लावला म्हणून सुधारलो. ठोके शेजारी ठेवले की कळतं, जोर तेवढाच होता, शरीर बदललं.

मशीन एक आणि पोरं चाळीस, तेव्हा वाटपाची व्यवस्था करावी लागली. डबी एकच, पट्टे वेगळे. थोडे थोडे करत पट्टे वाढवले, प्रत्येकावर मार्करनं नाव. दुसऱ्याच्या घामाचा पट्टा लावायचा नाही, हा नियम. शहरात लोक थुंकी लावून पट्टा ओला करतात म्हणे, आमच्याकडं बाटलीतलं पाणी. वापर झाला की डबी काढायची, कारण ओल्या पट्ट्यावर डबी राहिली तर तिला वाटतं माणूस अजून पळतोच आहे आणि सेल उतरतो. पट्टा साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायचा. एकाच्या आईनं सोड्यात उकळला, तो पट्टा गेला.

मुलींचं निराळं. पट्टा लागतो कुठं तर छातीच्या बरोबर खाली, मधल्या हाडाच्या टोकापाशी. पुरुष प्रशिक्षक असतात तिथं मुली हा पट्टा लावायलाच तयार होत नाहीत आणि त्यांचं चुकत नाही. माझ्या मुली पत्र्याच्या खोलीत जातात, जुनी मुलगी नवीला दाखवते. स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या आत सरकवला तर तो घसरत नाही, पण दोन इलॅस्टिकच्या मध्ये कातडी सोलते. तिथं आधी व्हॅसलीन, मात्र काळ्या तुकड्यांना लागू द्यायचं नाही, नाहीतर आकडाच येत नाही. निम्म्या मुलींना तोवर स्पोर्ट्स ब्रा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पट्ट्याच्या निमित्तानं ती खरेदी झाली हा माझ्या मते पट्ट्याचा मोठाच उपयोग.

पट्टा चहाडखोर आहे हे माझ्या लक्षात आलं ते ऊसतोडीच्या हंगामात. एक शांत पोरगं, कधी खाडा नाही. एके दिवशी नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेगानं, ठोके नेहमीपेक्षा बारा-चौदानं जास्त. दुसऱ्या दिवशीही तेच. पट्टा तपासला, ठीक. ताप? नाही. ‘रात्री कुठं होतास रे?’ ‘घरीच की मॅडम.’ तिसऱ्या दिवशी मी काही विचारलं नाही, नुसता मोबाइल त्याच्यापुढं धरला. तेव्हा म्हणाला, ‘रातच्याला ट्रॉलीवर जातूय. फी भरायची हाय.’ कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरला रात्रभर, पहाटे तसाच मैदानावर. त्याला मी मैदान बंद नाही केलं, ते त्याला परवडणारं नव्हतं. ट्रॉलीच्या दुसऱ्या दिवशी फक्त चालणं आणि ताणाचे व्यायाम, जोराचे दिवस त्याच्या सुट्टीला जोडले. ठोके जास्त दिसले म्हणजे झोपच कमी, असं मात्र नाही. येऊ घातलेला ताप असेल, नवरात्राचा कडक उपास असेल, पाणी कमी पडलं असेल. आणि पार थकलेल्या पोराचे ठोके उलट वर चढतच नाहीत. तो जोर लावतोय, तोंड लाल झालंय आणि आकडा १६० वर अडकलाय. तेव्हा कमी आकडा बघून ‘वा, तयारी झाली’ म्हणणारा प्रशिक्षक पोराला खड्ड्यात घालतो. आकडा फक्त विचारायला लावतो. उत्तर पोराच्या तोंडूनच काढावं लागतं.

जिच्यामुळं माझं काम बदललं ती एक मुलगी. उंची चांगली, १५५ सेंटिमीटरच्या अटीच्या बरीच वर. पाय लांब, पावलाची फेक सुंदर, आठशे मीटरसाठीच जन्मल्यासारखी. पण दुसऱ्या फेरीला संपायची. बाकीच्या मुली १५० ठोक्यांवर गप्पा मारत पळायच्या त्या वेगाला हिचे १८०. सावकाश केलं तरी १७५. चालायला लावलं तर चालतानाही १३० च्या वर. मी पट्टा बदलला, डबी बदलायला दुसरी नव्हती म्हणून तीच डबी लगेच दुसऱ्या मुलीला लावून बघितली, तिचे १४८. यंत्र बरोबर होतं. घरचे म्हणायचे आळशी आहे, शेजारपाजारचे म्हणायचे मोबाइलमुळं. ती स्वतः काहीच म्हणायची नाही.

तिची एक सवय सगळ्यांना माहीत होती. ट्रॅकसूटच्या खिशात कोरडे तांदूळ. बसली की चारदोन दाणे तोंडात टाकून कुरकुर चावत राहायची. मुली चिडवायच्या, ‘अक्षता’ म्हणून हाक मारायच्या. ग्रामीण रुग्णालयात मी तिला घेऊन गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि विचारलं, ‘माती, खडू, तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का?’ मुलगी माझ्याकडं बघायला लागली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६. बाईमाणसाला १२ तरी हवं. शरीरात लोह कमी पडलं की काही जणींना अशी अन्न नसलेल्या किंवा कच्च्या वस्तूंची ओढ लागते, हे मला त्या दिवशी कळलं. ठोक्यांचं कोडंही सुटलं. प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी, म्हणजे प्रत्येक खेपेला माल थोडा, मग हृदयानं खेपा वाढवल्या. जी मुलगी आळशी म्हणून बोलणी खात होती तिचं हृदय मैदानात सगळ्यांत जास्त राबत होतं.

तिच्या आईला सांगायला गेले. आई शेळ्यांना पाला टाकत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बायांच्यात असतंय की वो तेवढं. माझंबी कमीच हाय.’ यात खोटं काही नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त बायकांना एखादी गोष्ट असली की ती दुखणं राहत नाही, रीत होते.

डॉक्टरांनी जंताची आणि लोहाची गोळी दिली. पाळी फार जाते का तेही विचारलं, त्याचाही उपचार झाला. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर चालेल. आमच्याकडं सकाळी पोटात दुसरं काही जायच्या आधी चहा जातो, त्यामुळं हीच अट सगळ्यांत अवघड गेली. पळणं मी बंद ठेवलं, फक्त चालणं, तेही पट्टा लावून. तीन आठवडे काही दिसलं नाही. मग चालतानाचे ठोके १३० वरून १२० च्या खाली आले. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, अकराच्या पुढं. हळूहळू पळायला लावलं, ज्या वेगाला १८० होते त्याला १५८. एका सकाळी ती म्हणाली, ‘मॅडम, तांदूळ आता नुसतेच तांदूळ लागत्यात.’ खिसा उलटा करून दाखवला.

पट्ट्याचा उपयोग नाही तिथं तो मी लावत नाही. शंभर मीटरला काही अर्थ नाही, पळणं संपतं तेव्हा हृदयाला कुठं खबर लागलेली असते. गोळाफेकीला तर नाहीच. चारशेच्या जोराच्या फेऱ्यांतही ठोके मागून येतात, म्हणून तिथं मी पळताना आकडा बघत नाही, थांबल्यावर बघते: १२५ च्या आसपास उतरला की पुढची फेरी. कुणाचा मिनिट-दीड मिनिटात उतरतो, कुणाला तीन मिनिटं लागतात, तेव्हा शिट्टी सगळ्यांना एकदम वाजवण्यात शहाणपण नसतं. उन्हाळ्यात आकड्याचा अर्थच बदलतो. एप्रिलात आठ वाजताच्या उन्हात त्याच वेगाला शेवटी शेवटी दहा-पंधरा ठोके जास्त पडतात, कारण घामानं रक्तातलं पाणी घटतं आणि उरलेलं रक्त कातडी गार करायलाही धावतं. तेव्हा वेग सोडायचा, ठोके धरायचे. पोरांना हे उलटं वाटतं.

आणि पट्ट्याचं वेड लागतं तेही खरं. सकाळी अंथरुणात कुणाचे ठोके कमी यावरून पैजा. चाचणीच्या दिवशी एक पोरगं रेषेवर नुसतं उभं होतं आणि १२२. चाचणीची धाकधूक असते, पण एवढी? खोदून विचारलं तर जिममधल्या मित्रानं दिलेली कसलीशी पावडर पाण्यात टाकून प्यालेलं. त्या दिवशी ते पळालं नाही. भरतीच्या तोंडावर अशा पुड्या, इंजेक्शनं गावोगाव फिरतात, आणि त्यांच्यापुढं पट्टा फार दुबळा आहे. तो रोज लावला तरच सापडतं, आणि रोज लावायला मशीन एक.

म्हणून पाढे. हळू पळण्याचा वेग पट्ट्याशिवाय कळावा यासाठी मी पोरांना पळताना पाढे म्हणायला लावते. बारापर्यंत सगळे म्हणतात, त्याचा उपयोग नाही. सतराचा म्हण, एकोणीसचा म्हण. सतरा सत्ते एकशे एकोणीस एका दमात आलं तर वेग बरोबर, सत्ते आणि एकशेच्या मध्ये श्वास तुटला तर हळू हो. पट्टा लावून ताडून बघितलं, तुटण्याची जागा बहुतेकांची दीडशेच्या थोडी वरच येते. पोरांनी त्यात भर घातली. आता पाढ्यांऐवजी लेखी परीक्षेचे प्रश्न चालतात, महाराष्ट्रातले जिल्हे, नद्यांचे उगम, कलमं. शंभर गुणांचा पेपर पळत पळत पाठ होतो. ओढ्याच्या वाटेनं सकाळी कुणी आलं तर तीसेक पोरं ‘गोदावरी त्र्यंबकेश्वर, भीमा भीमाशंकर’ करत सावकाश चाललेली दिसतील. भरतीच्या दिवशी पट्टा नसतोच अंगावर. असते ती भरतीवाल्यांनी लावलेली चिप, आणि ती फक्त वेळ घेते.

मागच्या वर्षी अकादमीच्या मालकांनी विचारलं, मॅडम, आणखी दोन मशीन घ्यायची का? मी नको म्हटलं. मुलींसाठी चार नवे पट्टे मागितले आणि प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना. मुलांच्या फॉर्मवर उंचीखाली छातीचा रकाना असतो, न फुगवता ७९ सेंटिमीटर, फुगवून ५ जास्त. मुलींच्या फॉर्मवर त्या जागी रेघ असायची. तिथं आता हिमोग्लोबिन लिहायचं. पुढं मुलग्यांनाही लावलं, त्यांच्यातही दोनचार सापडले. पालकांपैकी काहींना तो रकाना रुचत नाही. परवाच एका मुलीचे वडील फॉर्म परत घेऊन आले, आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हे लिहू नका मॅडम, उद्या सोयरिकीच्या वेळी कुणी काढलं तर?’ मी म्हटलं, दोन महिन्यांनी शेजारी दुसरा आकडा लिहू, जागा सोडलीय. ते थोडा वेळ फॉर्म बघत उभे राहिले, मग विचारलं, गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात का, आणि बायकोलाही चालतील का. मी म्हटलं, आधी त्यांचंही रक्त तपासून घ्या, गुरुवारी सकाळी दोघींना घेऊन या, चहा न पिता.